घाबरायचं कोणत्या गोळीला?

"नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. मागच्या दिवाळीच्या सुमारास त्यांना डांबरासारखी काळी शौचाला होऊ लागली आणि एक दिवस त्या चक्कर येऊन पडल्या. अ‍ॅडमिट केलं, दुर्बीण घातली, तेव्हा जठरात अल्सर निघाला. रक्ताची पिशवी द्यावी लागली. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल ४० ही गोळी रोज सकाळी एक, आठ आठवडे लिहून दिली आणि नंतर पुन्हा एकदा दुर्बीण करू म्हणाले. आईंनी दुर्बिणीचा धसका घेतला होता, बरंही वाटत होतं, म्हणून आम्ही गेलोच नाही. गोळी मात्र मेडिकलमधून आणत राहिलो. सव्वा वर्ष झालं. मध्यंतरी ती मिळाली नाही तेव्हा दुकानदाराने 'तीच आहे, उलट जास्त चांगली' म्हणून डीएसआर लिहिलेली कॅप्सूल दिली, तीच पुढे चालू राहिली. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं की या गोळ्यांनी किडनी जाते. आईंनी त्याच दिवशी बंद केली. तिसऱ्या दिवसापासून इतकी जळजळ, की रात्र बसून काढली. आता त्या दिवसाला दोन घेतात. थायरॉइडची गोळी आणि ही कॅप्सूल सकाळी चहाबरोबर एकदमच होते. गुडघ्यासाठी अधूनमधून मेडिकलची गोळी असते. सासऱ्यांना पित्त झालं की त्यांनाही आईंच्याच पाकिटातली देतो. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. आता ही गोळी चालू ठेवायची की बंद करायची?"
– एक सून, नाशिक

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्याशी अडले. 'गुडघ्यासाठी अधूनमधून मेडिकलची गोळी असते.' अल्सरच्या गोळीबद्दल तुम्ही सगळं तपशिलाने लिहिलंत, तिची ताकद, तिचे आठवडे, तिच्याबद्दलची भीती. गुडघ्याच्या गोळीचं मात्र नावसुद्धा नाही. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

मी फार्मासिस्ट आहे. नाशिकरोडला काउंटरमागे सव्वीस वर्षं उभी राहिले. थंडीत निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी आली, की दोन दिवसांत दुकानात गुडघे आणि कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागायची. नोकरीला लागले त्या सुरुवातीच्या काळात एक आजी दर आठवड्याला येऊन दुखण्याच्या दहा गोळ्या घेऊन जायच्या. चिठ्ठी नसायची. मी द्यायचे. त्या मायेने पाठीवरून हात फिरवायच्या, मुलाबाळांची चौकशी करायच्या. एका आठवड्यात त्या आल्या नाहीत, नातू आला. आजींना रक्ताची उलटी होऊन भरती केलं होतं. त्या वाचल्या, पण मी त्यांना कधीच 'या रोज घेता का? पोटात दुखतं का?' असं विचारलं नव्हतं, हे मला आजही टोचतं. या सदरात औषधांवर लिहायला लागले त्याचं एक कारण त्या आजी आहेत.

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच कुळातली औषधं. जठरात अन्न पचवण्यासाठी इतकं तीव्र आम्ल असतं, की जठराला स्वतःला त्यापासून वाचवावं लागतं. त्यासाठी आतून बुळबुळीत थराचं अस्तर असतं आणि ते अस्तर राखायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. दुखणं आणि सूज वाढवण्यातही याच द्रव्यांचा हात असतो. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणं कमी करतात. गुडघा शांत होतो आणि जठराचं अस्तर उघडं पडतं. हे काम रक्तातून होतं, त्यामुळे 'पोटाला त्रास नको म्हणून इंजेक्शनच घेते' हा समज चुकीचा आहे. इंजेक्शनही जठरापर्यंत पोचतं. एकाच गोळीत पॅरासिटॅमॉल आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक एकत्र असतात, त्याला लोक 'साधी तापाची गोळी' समजतात. तीही याच कुळातली झाली. आणि गावाकडून कोणी सांधेदुखीच्या पुड्या आणून दिल्या असतील तर त्या आजच फेकून द्या. नाव-गाव नसलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेली अनेकदा सापडली आहेत.

ज्यांच्या अल्सरमधून एकदा रक्त गेलंय, त्यांनी ही औषधं स्वतःच्या मनाने घेणं म्हणजे भरत आलेल्या जखमेवरची खपली काढण्यासारखं आहे. तेव्हा आजच्या आज आईंच्या डब्यातली, उशीखालची, देवघरातल्या फडताळातली गुडघ्याची गोळी शोधा, तिच्या पाठीवरचं नाव कागदावर उतरवून घ्या आणि ती बंद करा. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी कोणी हृदयासाठी दिलेली असेल तर ती मात्र परस्पर बंद करू नका, फक्त नाव लिहून ठेवा. तोवर गुडघ्याला शेक, लावायचं जेल आणि गरज पडली तर नुसतं पॅरासिटॅमॉल. त्याची दिवसाची मर्यादा आईंचं वजन आणि यकृत बघून डॉक्टर ठरवतील.

आता काकूंच्या किडनीकडे वळते. काकूंनी वाचलं ते पूर्ण खोटं नाही. पॅन्टोप्राझोलच्या कुळातल्या औषधांनी क्वचित एखाद्याच्या मूत्रपिंडाला अ‍ॅलर्जीसारखी सूज येते, हे खरं आहे. वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्यांच्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांत किडनीच्या आजारांशी संबंध दिसला, हेही खरं. पण जी माणसं आधीच जास्त आजारी असतात तीच या गोळ्या जास्त घेतात, त्यामुळे अशा नोंदींवरून गोळीला दोषी ठरवता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत साडेसतरा हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्राझोल ४० आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी दिली. कोणाला काय मिळतंय हे कोणालाच माहीत नव्हतं. सुमारे तीन वर्षांनी किडनीचे आजार, हाडं मोडणं, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश या कशातही ठळक फरक निघाला नाही. फरक निघाला तो फक्त जुलाबासारख्या आतड्यांच्या संसर्गात: खरी गोळी घेणाऱ्यांत १.४ टक्के, रिकामी घेणाऱ्यांत १ टक्का. जठरातलं आम्ल जंतूंनाही मारतं, ते कमी झालं की बाहेरचं पाणी आणि उघड्यावरचं खाणं जरा लवकर बाधतं, एवढाच त्याचा अर्थ.

मूत्रपिंडाला त्याहून मोठी भीती आहे ती गुडघ्याच्या गोळीची. उतारवयात, रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत, उन्हाळ्यात पाणी कमी पडलेलं असताना डायक्लोफेनॅकसारखं औषध किडनीचा रक्तपुरवठा कमी करतं. काकूंनी काळजीपोटीच सांगितलं, त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी बोट दुसऱ्या पाकिटाकडे दाखवायला हवं होतं.

मग बंद केल्यावर एवढी जळजळ का झाली? अल्सर परत आला असेल का? तेही शक्य आहे, आणि म्हणून तपासणी हवीच. पण याला एक वेगळं कारणही असू शकतं. गोळी आम्ल अडवून धरते, तेव्हा शरीर 'आम्ल कमी पडतंय' असं समजून ते तयार करायला सांगणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं. महिनोन्‌महिने असं चाललं की आम्ल बनवणारी यंत्रणाच वाढून बसते. एक दिवस गोळी थांबते आणि अडवलेलं धरण सुटतं. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर, ज्यांना पित्ताचा त्रासच नव्हता अशांवर, हे पाहिलं गेलं. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. आठ आठवडे याच कुळातली गोळी घेऊन थांबवल्यावर पुढच्या चार आठवड्यांत ४४ टक्के लोकांना जळजळ किंवा आंबट ढेकरांचा त्रास झाला. ज्यांना सुरुवातीपासून रिकामी गोळी होती त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे निरोगी माणसालाही गोळी सोडताना जळजळ होते आणि त्याला वाटतं, 'बघा, मला ही लागतेच!' सव्वा वर्षानंतर आईंचं तसं झालं यात त्यांचा दोष नाही. सोडायची वेळ येईल तेव्हा डॉक्टर ४० वरून २० वर आणतील, मग एक दिवसाआड करतील, मधल्या दिवसांत आम्ल शमवणारं पातळ औषध किंवा फॅमोटिडीन ही आम्ल कमी करणारी दुसऱ्या कुळातली गोळी देतील. तीन-चार आठवडे लागतात. पण ती वेळ आत्ता आली आहे का, हे आधी ठरवायला हवं.

आज संध्याकाळी करायची गोष्ट म्हणजे ती डीएसआर लिहिलेली कॅप्सूल थांबवणं. दिवसाला दोन तर अजिबात नकोत. डीएसआर लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये अल्सरच्या औषधासोबत डॉम्पेरिडोन असतं, साधारणपणे ३० मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारं. ते उलटी आणि मळमळीचं औषध आहे. अल्सर भरण्यात त्याचा काहीही वाटा नाही. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि हा धोका साठीच्या पुढे व दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर वाढतो. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी सांगितलं, की हे औषध शक्य तितके थोडे दिवस, शक्यतो आठवड्याच्या आत आणि फक्त मळमळ-उलटीसाठी वापरावं. आपल्याकडे ते महिनोन्‌महिने 'गॅसची कॅप्सूल' म्हणून चालतं. दोन कॅप्सूल म्हणजे आईंच्या पोटात दिवसाला ६० मिलिग्रॅम जातंय. 'तीच आहे, जास्त चांगली' हे दुकानदाराने म्हणायलाच नको होतं. पाकिटावर लाल उभी रेघ असते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये यासाठीच. माझ्याच पेशातल्या माणसाकडून हे झालं, म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

त्याऐवजी डॉक्टरांनी मूळ लिहिलेली नुसती पॅन्टोप्राझोल ४०, सकाळी एकच, तपासणी होईपर्यंत चालू राहू द्या. उद्या सकाळी त्यांच्या दवाखान्यात फोन करून हे सांगा आणि याच आठवड्यातली वेळ घ्या. ज्यांचा अल्सर वाहिला आहे आणि ज्यांच्या पोटात आत्ता-आत्तापर्यंत दुखण्याच्या गोळ्या जात होत्या, त्यांचं पांघरूण एकदम काढायचं नसतं.

ती घ्यायची कशी, हेही सांगते, कारण चहाबरोबर घेतल्याने निम्मं काम वाया जातं. आम्ल बाहेर सोडणारे पंप जठराच्या पेशींमध्ये असतात आणि आपण खायला लागलो की ते जागे होतात. गोळी फक्त जागा झालेला पंपच बंद करू शकते, आणि रक्तात ती जेमतेम एक-दोन तास टिकते. म्हणून नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर. म्हणजे पोहे किंवा भाकरी पोटात जाईल तेव्हा औषध रक्तात हजर असतं. गोळीला वरून एक कवच असतं, कारण हे औषध आम्लात नासतं. म्हणून ती चावायची, कुटायची किंवा अर्धी करायची नाही. पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे रविवारी मळ्यातली मिसळ झणझणीत झाली म्हणून दुपारी घेण्याची ही गोळी नव्हे. चतुर्थी-एकादशीलाही ती चुकवायची नाही, फराळाआधी घ्यायची.

थायरॉइडच्या गोळीचा घोळ वेगळा आहे. ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबरच लागते. चहाने ती नीट शोषली जात नाही. उठल्याबरोबर थायरॉइडची, अर्ध्या तासाने पॅन्टोप्राझोल, त्यानंतर अर्ध्या तासाने चहा-नाश्ता, असा क्रम बहुतेकांना जमतो. पण वेळेचं अंतर ठेवूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही. जठरात आम्ल कमी असेल तर थायरॉइडची गोळी मुळातच कमी विरघळते. म्हणून आईंचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा डोस बरोबर आहे का हे सांगणारी रक्ततपासणी, आत्ता एकदा तपासा आणि पुढे पॅन्टोप्राझोल बंद झाली की सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा, नाहीतर तोच डोस अचानक जास्त ठरेल. त्याच रक्तात बी १२ आणि मॅग्नेशियमही बघायला सांगा. अन्नातलं बी १२ सुटं व्हायला आम्ल लागतं आणि तुमच्या घरी शाकाहार असेल तर आधीच ते काठावर असतं. तळपायांना मुंग्या येणं, पाय बधिर वाटणं हे आईंना होत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. रक्त गेलेलं आहे, तेव्हा हिमोग्लोबिन सांगायला नकोच.

आता सर्वांत महत्त्वाची आणि तुमच्या घरात सर्वांत नावडती गोष्ट. दुसरी दुर्बीण करायला हवी. अल्सर लहान आतड्याच्या सुरुवातीला असता तर मी इतका आग्रह धरला नसता. आईंचा जठरात आहे. जठरातल्या थोड्या अल्सरांच्या आड कर्करोग लपलेला असतो, आणि गोळीने वरवर भरल्यासारखं वाटून त्याचं निदान लांबू शकतं. पहिल्या वेळी तुकडा घेऊन तपासला असेल आणि तो ठीक आला असेल तर फार मोठा दिलासा आहे. फाईलमध्ये तो रिपोर्ट शोधा. तरीही जखम पूर्ण भरली की नाही हे डोळ्यांनी पाहूनच सांगता येतं.

त्याच फाईलमध्ये एच. पायलोरी या जंतूच्या तपासणीचं काही लिहिलंय का, तेही बघा. अल्सर फक्त तिखटाने आणि चिंतेने होतो असं एके काळी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू समोर आणला. लोक विश्वास ठेवेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः त्या जंतूंचं पाणी प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे हा जंतू घरोघरी आहे. तो पोटात राहिला तर गोळी कितीही घ्या, थांबवल्यावर अल्सर परत येण्याची वाट मोकळी राहते. तो गेला तर पुष्कळदा गोळीची गरजच संपते. सव्वा वर्षांपूर्वीची तपासणी 'नाही' अशी आली असेल तरी तिच्यावर विसंबू नका. रक्तस्राव चालू असताना किंवा पॅन्टोप्राझोल पोटात असताना जंतू सापडत नाही असं बरेचदा होतं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर त्याआधी दोन आठवडे ही गोळी आणि चार आठवडे कुठलंही अँटिबायोटिक नको असतं. आईंच्या बाबतीत गोळी दोन आठवडे थांबवणं सुरक्षित आहे का, मधे दुसरं काय द्यायचं, हे पोटविकारतज्ज्ञच सांगतील. जंतू सापडलाच तर दोन आठवड्यांचा अँटिबायोटिकचा कोर्स असतो. तोंड कडू होतं, मळमळतं, पण तो अर्धवट सोडायचा नाही. त्या कोर्समध्ये बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन असतं आणि ते डॉम्पेरिडोनबरोबर अजिबात चालत नाही. ती डीएसआर घरातून हलवण्याचं हे आणखी एक कारण.

सासऱ्यांबद्दल थोडंच लिहिते, पण ते आधी वाचा. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या छातीत जळजळ झाली तर ती पित्ताची आहे हे घरात ठरवायचं नसतं. हृदयाचं दुखणं कितीदा तरी करपट ढेकरा आणि जळजळीच्या रूपात येतं. आधी ईसीजी. दुसरं, ते क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध घेत असतील तर पॅन्टोप्राझोलच्याच कुळातली ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्यांना चालत नाहीत. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाला लागतं, आणि ही दोन औषधं तिथेच त्याची वाट अडवतात. पॅन्टोप्राझोलचा तो उपद्रव कमी आहे, म्हणून हृदयाचे डॉक्टर पुष्कळदा तीच देतात. त्यांना ती हवी असेल तर त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीवर हवी, आईंच्या पाकिटातली नको. आणि डॉम्पेरिडोन तर त्यांना मुळीच देऊ नका.

दूध, खायचा सोडा, मिरची याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी घरात सल्ले मिळतच असणार. गार दुधाने घटकाभर बरं वाटतं, नंतर आम्ल उलट वाढतं. सोड्यात सोडियम असतं, रक्तदाब असेल तर तो टाळावा. मिरचीने अल्सर होत नाही. झोंबत असेल तर कमी खावी, एवढंच. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल आणि त्यालाही अल्सर असेल, तर त्याची जखम उशिरा भरते.

काळी, चिकट, डांबरासारखी, उग्र वासाची शौचाला होणं, कॉफीच्या चुऱ्यासारखी किंवा लाल उलटी, पोटात सुरी खुपसल्यासारखी अचानक उठलेली आणि न थांबणारी कळ, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिल नाहीतर जवळचं चोवीस तास चालू असलेलं मोठं रुग्णालय गाठा. आईंना लोहाची गोळी चालू असेल तर शौचाचा रंग तसाही काळपट होतो. मात्र तो चिकट नसतो आणि त्याला तसा वास येत नाही. शंका असेल तर दाखवाच. वजन उतरणं, घास अडकणं, चार घासांत पोट भरणं हे रात्री धावपळ करण्याचं नाही, पण डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगण्याचं आहे.

राहिला दुर्बिणीचा धसका. पहिल्या वेळी आईंना रक्त जात असताना, घाईगर्दीत, घाबरलेल्या असताना ती झाली. या वेळी तसं नसेल. सहा ते आठ तास काही खायचं नाही, घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि नुसती पाहायची असेल तर बहुधा दहा मिनिटांच्या आत नळी बाहेर येते. गुंगीचं इंजेक्शन मागता येतं. ते घेतलं तर त्या दिवशी सोबत कोणीतरी हवंच, रिक्षाने एकट्या परतायचं नाही. हे सगळं तुम्ही आईंना आधी शांतपणे, चहा पिताना सांगा. आणि वेळ ठरवायला फोन कराल तेव्हा थायरॉइडची गोळी त्या सकाळी घ्यायची का, तेवढं विचारून घ्या.